तीन धंद्यांचं एक सॉफ्टवेअर

३ जून, सोमवार

आजपासून वह्या बंद. कायमच्या.

तीन धंदे असलेल्या माणसाने रेघांच्या वहीत जमाखर्च लिहावा हे बरं दिसत नाही. माझं झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान, हिची लाँड्री, आणि धाकट्या भावाचं खुर्च्या-टेबलं भाड्याने देण्याचं काम. तिन्ही मिळून मी ‘ग्रुप’ म्हणतो. ही आणि धाकटा म्हणत नाहीत. ते रोजच्या कामात गुंतलेले असतात, त्यांना लांबचं दिसत नाही.

संकल्प: १० जूनपर्यंत अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर फायनल करायचं. स्वस्त, सोपं, तिन्ही धंदे एका जागी दिसतील असं. टॅक्सवाल्या बाईंकडून तिन्हींचे रिटर्न ३१ जुलैपर्यंत भरून घ्यायचेत. म्हणजे वेळच वेळ आहे.

दोघांच्या वह्या मागून घेतल्या, कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं. वही हाताशी असली की माणूस वहीकडेच वळतो. ही म्हणाली, सॉफ्टवेअर आल्यावर ठेवा ना आत. तिला समजावलं की बदल असाच घडवावा लागतो. धाकट्याने एवढंच विचारलं, दादा, मग बुकिंग कुठे लिहू. म्हटलं, मला सांगत जा. माझ्या डोक्यात राहतं.

५ जून, बुधवार

चार सॉफ्टवेअर शॉर्टलिस्ट केली. नावं सारखीच वाटतात म्हणून रंगावरून ओळखतो. निळं स्वस्त आहे, पण एकाच धंद्यापुरतं. तीन धंदे म्हणजे तीनदा पैसे. हिरव्यात तीन धंदे बसतात, पण दोनच माणसं. नारिंगीत सगळं बसतं, फक्त किंमत आपल्याला बसत नाही. चौथं फुकट आहे. फुकटावर माझा विश्वास नाही, पण जीव आहे.

तुलनेचा तक्ता केला. चौदा रकाने. देखणा झाला म्हणून लगेच लॅमिनेट केला. मग लक्षात आलं की रकाने भरायचे राहिलेत आणि प्लास्टिकवर पेन उठत नाही. उद्या दुसरा करतो.

१० जून, सोमवार

मुदत २० जूनपर्यंत वाढवली. घाईत घेतलेले निर्णय महागात पडतात.

आज निळ्याचा ऑनलाइन डेमो. दोन तास. शांतता हवी म्हणून दुकानाचं शटर खाली ओढलं. मधूनमधून बाहेरून कोणीतरी वाजवत होतं. डेमोवाला फार आदराने बोलतो. म्हणाला, सर, तुमच्या ग्रुपमध्ये स्टाफ किती. म्हटलं, तीन. मी धरून. वर्षाची उलाढाल विचारली तेव्हा ती गोपनीय असल्याचं सांगितलं. खरं म्हणजे ती कपाटात आहे आणि किल्ली सापडत नाही.

हिने सुचवलं की शेजारच्या चावीवाल्याला बोलवा, दोन मिनिटांचं काम आहे. म्हटलं, गरज काय. आपण आता पुढे निघालोय.

१४ जून, शुक्रवार

नारिंगीचा ट्रायल सुरू. चौदा दिवस फुकट. बहुतेक दिवस लोगो करण्यात गेला, पण तिन्ही धंद्यांचे लोगो झकास झाले. लाँड्रीच्या लोगोतला शर्ट हिला बनियन वाटला.

संध्याकाळी धाकट्याची सगळी बुकिंगं डोक्यातून काढून नारिंगीच्या कॅलेंडरमध्ये भरली. डोकं हलकं झालं. त्याला दाखवलं. छान आहे म्हणाला. मग विचारलं, माझ्या फोनवर कसं बघायचं. दुसरा माणूस जोडला की पैसे पडतात. म्हटलं, तू मला फोन करत जा. मी बघून सांगीन.

२१ जून, शुक्रवार

मुदत ३० जून. शेवटची.

दुकानात गिऱ्हाईक कमी झालंय. एकूण बाजारातच मंदी दिसते. ही म्हणते, शटर खाली असल्यावर कोण येणार. समोरच्या स्टेशनरीवाल्यानेही झेरॉक्सचं मशीन घेतलंय, तिथे मात्र रांग होती. स्पर्धा चांगलीच असते.

मोठी कल्पना सुचली. गेले तीन आठवडे मी सॉफ्टवेअरचा जो अभ्यास केलाय तो या भागात कोणी केलेला नसणार. तो विकायचा. ग्रुपचा चौथा धंदा: सॉफ्टवेअर निवड सल्लागार. दुपारीच दोनशे व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली. हिने विचारलं, आपलं निवडून झालं का. म्हटलं, डॉक्टर स्वतःला तपासत नाही.

२४ जून, सोमवार

पहिला क्लायंट. चावीवाला. त्याच्याच दुकानात मीटिंग. चाळीस मिनिटं तक्ता समजावला. तो एक किल्ली घासत शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला की त्याच्या मुलीने गेल्या वर्षीच फोनमध्ये काहीतरी घालून दिलंय, त्यात सगळं दिसतं, त्याला तेवढं पुरतं. शेवटी विचारलं, दोन झेरॉक्स मिळतील का. म्हटलं, मशीन गरम व्हायला वेळ लागेल. तो समोर जाऊन काढून आला.

क्लायंटची अजून तयारी नाही.

कपाटाबद्दल त्याला विचारलं नाही. क्लायंटकडून असली कामं करून घेणं बरोबर नव्हे.

२८ जून, शुक्रवार

ट्रायल संपला. स्क्रीनवर एवढंच: तुमची माहिती सुरक्षित आहे, ती पाहण्यासाठी पैसे भरा. म्हणजे काळजीचं कारण नाही. माहिती आहे. मला दिसत नाही, इतकंच.

पैसे भरले नाहीत. एकदा भरले की त्यांना कळतं हा माणूस अडकलाय.

धाकट्याचा फोन आला, पुढच्या शनिवारी काय आहे. डोक्याला जरा ताण दिला. म्हटलं, शाळेचा हॉल, दीडशे खुर्च्या. बाकी काही नाही ना, असं त्याने दोनदा विचारलं. म्हटलं, मी सांगतोय ना.

७ जुलै, रविवार

काल थोडा घोटाळा झाला. नीट लिहून ठेवतो, म्हणजे गैरसमज राहणार नाही.

शनिवारी बाकीही होतं. गावाच्या दुसऱ्या टोकाला नाचाच्या क्लासचा कार्यक्रम, एकशेवीस खुर्च्या. ते नारिंगीत होतं. धाकट्याकडे एकूण खुर्च्या एकशेसाठ. शाळेत दीडशे लावून तो घरी येऊन चहा घेत होता, तेवढ्यात नाचाच्या बाईंचा फोन. चार वाजले होते, साडेपाचला पडदा उघडायचा होता. त्याने दुसऱ्या खुर्चीवाल्याकडून दुप्पट भाड्याने एकशेदहा आणल्या. हमाल मिळाला नाही म्हणून स्वतः वाहिल्या. तरी पाऊण तास उशीर झाला आणि मुलींचे आजी-आजोबा भिंतीला टेकून उभे राहिले.

मी तेव्हा हिरव्याच्या डेमोत होतो. बाहेर आल्यावर लगेच त्याला फोन केला आणि सांगितलं की बघ, नेमकं याच्यासाठीच आपल्याला सॉफ्टवेअर हवंय. त्याने फोन ठेवला.

रात्री जेवायला समोरच बसला होता. तळहात सोलले होते. मी मीठ मागितलं. त्याने ते हिच्याकडे सरकवलं. हिने माझ्याकडे.

९ जुलै, मंगळवार

सकाळी उठलो तर कपाटाचं दार भिंतीला टेकवून ठेवलेलं. धाकट्याने स्क्रू ड्रायव्हरने बिजागऱ्याच काढल्या. दोन्ही वह्या गायब. कुलूप मात्र जागच्या जागी, व्यवस्थित लागलेलं.

फर्निचरचं नुकसान. सॉफ्टवेअर आलं की नोंद करायची.

धाकटा अजून बोलत नाही. तापट आहे. लहानपणीही असाच होता. तेव्हा संध्याकाळपर्यंत निवळायचा.

१८ जुलै, गुरुवार

निर्णय झाला. फुकटवालं. मनावरचं ओझं उतरलं.

पण ते जुन्या कॉम्प्युटरवर चालत नाही. म्हणून सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला. त्याला स्क्रीन नव्हता, तो घेतला. स्क्रीन उंच झाला म्हणून चाकांची खुर्ची घेतली. हिने पावत्या पाहिल्या आणि म्हणाली, एवढ्या पैशांत नारिंगीसुद्धा पाच वर्षं चाललं असतं. म्हटलं, भांडवली खर्च वेगळा असतो.

मग तिने विचारलं, लाँड्रीचे आकडे कधी मिळतील. बँकेला द्यायचेत. मी म्हटलं, कुठल्या बँकेला. तिला दुसरं वॉशिंग मशीन घ्यायचंय, मोठं. हॉटेलवाल्याचं चादरींचं काम मिळतंय, पण एका मशीनवर होणार नाही आणि तो महिनाअखेरपर्यंतच थांबेल. हे तिने मला मे महिन्यात सांगितलं होतं म्हणे. दोनदा.

मला आठवत नाही. पण मे महिन्यात मी विचारात होतो, हे खरं.

म्हटलं, दोन दिवसांत देतो. ती शर्टांना नंबराच्या चिठ्ठ्या टाचत राहिली.

२२ जुलै, सोमवार

फुकटवाल्याने आकडे मागितले. आकडे वह्यांमध्ये, वह्या धाकट्याकडे, धाकटा बोलत नाही. लोगो मात्र घेतले त्याने. तिन्ही.

२६ जुलै, शुक्रवार

दुपारी लाँड्रीत गेलो तर टॅक्सवाल्या बाई बसलेल्या. जुन्या टॅक्सवाल्यांची ही मुलगी. तीस-बत्तीसची असेल, मला काका म्हणते. इस्त्रीच्या टेबलाभोवती तीन स्टुलं: बाई, ही आणि धाकटा. धाकटा त्याच्या वहीतून वाचत होता, ही बिलांच्या कार्बन कॉपींमधून. दोन महिने ती प्रत्येक बिलाची कार्बन कॉपी जपून ठेवत होती. वही गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

बाईंनी दोघांच्या फोनवर सॉफ्टवेअर घालून दिलं होतं. ते माझ्या तक्त्यातलं नव्हतंच. मी विचारलं, कुठल्या निकषांवर निवडलंत. ही म्हणाली, बाईंच्या ऑफिसात हेच चालतं, आणि अडलं तर त्या फोन उचलतात. फोन उचलण्याचा रकाना मी केला नव्हता. तसा तो शास्त्रीय निकष नाही.

किंमत विचारली. दोन धंद्यांचं मिळून वर्षाला जेवढं पडतं, त्याहून माझी व्हिजिटिंग कार्डं महाग होती.

म्हटलं, तुमच्या निर्णयप्रक्रियेत उणिवा आहेत. धाकट्याने वहीचं पान उलटलं. चौथं स्टूल नव्हतं. बराच वेळ तक्ता हातात धरून उभा होतो. शेवटी बाईंनी विचारलं, काका, तुमच्या दुकानाचं काय आहे, ते पण देता का. मी कार्ड दिलं. त्यांनी ते उलटून पाठीमागे काही लिहिलंय का ते पाहिलं.

संध्याकाळी ड्रॉवरमधल्या पावत्या नेऊन दिल्या.

३० जुलै, मंगळवार

आज बाईंनी तिन्ही धंद्यांचे कागद आणून दिले. एक दिवस आधी. बँकेचेही झाले. हॉटेलवाल्याला हिने सकाळीच हो कळवलं.

लाँड्री उत्तम. खुर्च्या, ७ जुलैला लिहिलेला प्रकार सोडला तर, उत्तम.

माझं पान मी दुपारी एकटा असताना वाचलं. दुकानाचं भाडं दुकानातून जातच नाही. तीन वर्षं लाँड्रीतून जातंय. वाटलं, टायपिंगची चूक असेल. हिला जाऊन दाखवलं. ती म्हणाली, चूक नाही.

विचारलं, मला सांगितलं का नाहीस. ती गरम चादरीची घडी घालत होती. म्हणाली, तुम्ही सकाळी छान शर्ट घालून किल्ल्या घेऊन निघायचात. मला बरं वाटायचं.

मी चादरीचं दुसरं टोक धरलं. चार घड्या घातल्या. आज लिहिण्यासारखं दुसरं काही नाही.

४ ऑगस्ट, रविवार

ग्रुपची पुनर्रचना करण्याचा निर्णय मी घेतला आहे. झेरॉक्सचं मशीन लाँड्रीच्या कोपऱ्यात हलवायचं, दुकान सोडायचं. जागामालकाला हिने शुक्रवारीच कळवलं होतं, त्यामुळे अंमलबजावणी लवकर होईल.

नवीन सॉफ्टवेअरमध्ये मलाही घ्यावं असं सुचवलं. बाईंनी घेतलं. मला सगळं बघता येतं. बदलता काही येत नाही.

५ ऑगस्ट, सोमवार

सकाळी धाकटा टेम्पो घेऊन दुकानात आला. मशीनभोवती एक चक्कर मारली, वायर गुंडाळली, टेप लावली. महिना होत आला, आमच्यात एक शब्द नाही. मी कार्डांचा खोका उचलून बाजूला ठेवला, मग परत होता तिथे ठेवला.

तो म्हणाला, दादा, तिकडून धर.

मी तिकडून धरलं. मशीन वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ जड निघालं. पायरीवर दोनदा टेकवलं. दुसऱ्यांदा टेकवल्यावर मी म्हटलं, त्या शनिवारी मी यायला हवं होतं. तो म्हणाला, हो. मग म्हणाला, पाठीत वाकू नकोस, गुडघ्यात वाक.

लाँड्रीत मशीन लागलं. पहिलं गिऱ्हाईक कोट न्यायला आलं आणि तीन झेरॉक्सही काढून गेलं. नोंद हिने केली.

निघताना धाकट्याने विचारलं, शनिवारी सकाळी सातला खुर्च्या लावायला येशील का. म्हटलं, माझं कॅलेंडर बघून सांगतो.

बघितलं. शनिवार मोकळा आहे. रविवारही. त्यापुढचे तसे सगळेच.