शेंगा फोडणं थांबलं तेव्हा

आमगाव, मंगळवार, मंडईचा पहिला दिवस

आज दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, मंचावर, माझ्या लेकीने, वर्षाने, भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट नाचून दाखवली. तिची म्हातारी वाघाला पाहून आतून भोपळा फोडते आणि जंगलातून पायी घरी जाते. गाणं नाही, फक्त सुपात धान पाखडल्याचा आवाज. आधी लोक हसले. "म्हातारीच्या अंगात आलं का गा?" मागून कोणीतरी.

नंतर मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "भाऊ, उद्या सिनेमाचं गाणं टाका, नाहीतर मंच भेटत नाही. पब्लिक बोर होऊन राहिली."

बोर? हमालाचा मिलमालक झालो तो या कानांवर. मिलचा पट्टा सैल झाला की मला घरात ऐकू येतं. म्हातारी वाघासमोर उभी राहिली तेव्हा अख्ख्या मैदानात भुईमुगाच्या शेंगा फोडणं थांबलं होतं. एकही टरफल वाजलं नाही. अध्यक्षांना ते ऐकूच आलं नाही?

घरी येताना वर्षाने हळूच विचारलं, "बाबा, टाकू का एक गाणं?"

"काऊन टाकायचं? उद्या आपल्या मिलच्या अंगणात नाच."

वाळत घातलेलं धान सकाळीच उचलायला सांगतो. आणि फाटकात उभा राहून शेंगा मीच वाटणार, फुकट, ओंजळभर. अध्यक्षांना दोन ओंजळी. मग म्हातारी वाघासमोर उभी राहिली की ऐकतो, किती फुटतात ते.