वाटूरला परत नेलेली चिंधी

आई, गेल्या आठवड्यात वाटूरच्या काकूंच्या नातीचं लग्न झालं. मी जेवून आले. तुला ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि दुसऱ्या कुणाला सांगायची तर सगळं पहिल्यापासून समजावून द्यावं लागेल. तुला जाऊन अठरा वर्षं झाली, तरी तुला समजावून द्यावं लागत नाही.

परतूरचं दुकान तिथंच आहे. मी पाटी लावली, रंगवून घेतली, पण लोक अजून ख्रिश्चनबाईचं दुकान असंच म्हणतात. पाटीवरचं नाव कुणी वाचत नाही. खालाही आहेत. काज-बटण आणि हेमिंग अजून त्याच करतात, आता चष्मा लावून. त्या नमाजला बसल्या की तू मशीन थांबवायचीस आणि तेवढ्या वेळात कापायचं काम काढायचीस. मीही तसंच करते. लहान असताना मला वाटायचं की कापड कापायची वेळच ती असते. तुझ्यामागे मी दुकान चालवायला लागले आणि एक दिवस नमाजच्या वेळी मशीन चालूच ठेवलं, तेव्हा खाला नुसत्या माझ्याकडे बघून हसल्या. तेव्हा मला कळलं की ती वेळ तू त्यांच्यासाठी ठरवलेली होती.

तू काही संत नव्हतीस. भाजीवालीशी हुज्जत घालायला तुला मनापासून आवडायचं, आणि जिंकल्यावर तिलाच चहाला बसवायचीस. पण कापडाच्या बाबतीत तुझं एकच होतं. ब्लाऊज शिवून झालं की उरलेल्या सगळ्या चिंध्या, बोटभर असल्या तरी, एका पुरचुंडीत बांधून टाचणीने ब्लाऊजला लावायच्या. दुसरे शिंपी त्या चिंध्यांच्या पिशव्या, उशा करायचे. बायका म्हणायच्या, "असू द्या हो, काय करायच्या त्या?" तू म्हणायचीस, "कापड तुमचं आहे. फेकायचं तर तुम्ही फेका."

मी चौथीत असताना काकूंच्या थोरल्या सुनेच्या शालूचं ब्लाऊज तुझ्याकडे आलं होतं. मोरपंखी रंग आणि लांबूनही उठून दिसणारा जरीचा काठ. तुळशीचं लग्न झालं, सुनेचंही लग्न झालं, आणि नाताळ जवळ आला. आपण दरवर्षी दाराशी कामट्यांची चांदणी लावायचो. गावात आपली तीनच घरं, पण चांदणी बघायला सगळी आळी यायची. त्या पुरचुंडीतला सगळ्यात मोठा, काठासकट वीतभर तुकडा मी आधीच काढून ठेवला होता. कणकेची खळ शिजवली आणि चांदणीच्या मधोमध तो चिकटवला. अजून डोळ्यांसमोर आहे. मी स्टुलावर उभी आहे, तू दुकानातून येतेस, वर बघतेस, आणि तुझं गुणगुणणं थांबतं.

तू ओरडली नाहीस. म्हणालीस, "काढ."

मी म्हटलं, "त्यांना काय कळणारे?"

"नाही कळणार. म्हणून तर द्यायचा."

मग तू खाली बसलीस आणि मला जवळ घेऊन म्हणालीस, "हे बघ, दुसरी कुणी चुकली तर लोक म्हणतात, शिंपीण चुकली. आपण चुकलो तर म्हणतात, ख्रिस्ताची माणसं अशीच. आपण प्रवचन करत नाही, गाणी म्हणत गावातून फिरत नाही. लोकांना त्याच्याबद्दल जे काही कळायचं ते आपल्या हातातूनच कळणार." मला तेव्हा फक्त एवढंच कळलं की चांदणी गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आपण एस.टी.ने वाटूरला गेलो. तू अंगणात थांबलीस आणि मला एकटीला ओसरीवर पाठवलंस. तो तुकडा खळीने कडक झालेला, एका कोपऱ्यात पांढरट डाग, आणि मी रडत रडत सगळं सांगितलं. काकूंनी तुकडा उलटापालटा करून बघितला आणि बाहेर तुला हाक मारली.

"अगं बाई, एवढुशा चिंधीपायी एस.टी.चं तिकीट काढलंस व्हय?"

"दोन काढली," तू म्हणालीस. "तिचं अर्धं."

काकू हसायला लागल्या ते थांबेनात. म्हणाल्या, "आता मी हिचं काय करू? फेकता बी येईना." तुकडा त्यांनी कमरेला खोचला आणि माझ्या ओटीत मोसंबी घातली. परत येताना तू एस.टी.त मोसंबी सोलून मला फोडी देत होतीस, स्वतः एकही खात नव्हतीस. त्या वर्षी आपली चांदणी वर्तमानपत्राची झाली. आत दिवा लावल्यावर अक्षरं उमटली, आणि आळीतल्या सगळ्या पोरांनी आपल्या चांदणीवर कापसाच्या बियाण्याची जाहिरात मोठ्यानं वाचून काढली. तू पदर तोंडाला लावून हसत होतीस.

आता यंदाचं सांगते. त्या सुनेची मुलगी, काकूंची नात, हट्टाला पेटली की लग्नात आईचाच शालू नेसणार. आईचं ब्लाऊज तिला होईना. म्हणून शालूच्या आतल्या टोकाचा, कमरेला आत खोचला जाणारा तुकडा काढून नवं शिवायचं ठरलं. कापड मोजकंच होतं. काठ वाया जाऊ नये म्हणून मी घडी न घालता एकेक बाही वेगळी कापली, आणि दुसऱ्या वेळी कागदाचा नमुना उलटा करायला विसरले. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या झाल्या. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बाहीचा पुढचा गोलावा खोल असतो, मागचा कमी. ती बाही उजव्या हाताला लावली तर पाठीमागून काखेशी करंगळीएवढी चंद्रकोर कमी पडत होती. बस तेवढीच. पण तेवढ्यासाठी कापड शिल्लक नव्हतं, आणि आईचा शालू आणखी कापा असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

खाला म्हणाल्या, "दुसऱ्या कपड्याचा जोड टाक आन मोकळी व्हय. नवरीच्या काखेत कोन डोकावून बघून राह्यलंय? नवरा बी न्हाई बघणार."

आई, मी तसंच करणार होते. जालन्याला जाऊन मिळत्याजुळत्या रंगाचं कापड घेऊनही आले. दोन दिवस ते टेबलावर ठेवलं होतं. खरंच कुणाला कळलं नसतं. आणि असं मनात आलं की लगेच तुझा आवाज यायचा, "म्हणून तर." प्रार्थनेला बसले तर प्रार्थनेतही तेच. तिसऱ्या दिवशी मी ब्लाऊज पिशवीत घातलं आणि वाटूरची गाडी धरली. मला वाटत होतं, आज तुझं नाव घालवून येणार. इतकी वर्षं त्या घराने दुसऱ्या कुणाकडे कापड दिलं नव्हतं.

काकू आता काठी घेऊन चालतात, पण जीभ तशीच आहे. "काय माय, तोंड काहून असं पडलंय? मापं विसरलीस का नवरीची?" मी ओसरीवर बसून सगळं सांगितलं. बाह्या मांडून दाखवल्या. जालन्याचं कापडही काढून ठेवलं, ते कशाला आणलं होतं तेही सांगितलं. नात आणि तिची आई आतून येऊन उभ्या राहिल्या. नवरीच्या आईचा चेहरा उतरला. शालू तिचा होता ना.

काकू उठल्या आणि आत गेल्या. मी म्हटलं, झालं. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला, काहीतरी खाली पडलं, काकूंनी कुणाला तरी शिवी दिली. मग बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन त्या बाहेर आल्या. डब्यात बटणं, तुटकी जोडवी, एक किल्ली, आणि तळाशी घडी केलेला मोरपंखी तुकडा. वीतभर. एका कोपऱ्यात पांढरट डाग.

"घे," काकू म्हणाल्या. "तुझ्या मायनं ही माझ्या गळ्यात बांधून ठिवली. दर दिवाळीला डबा आवरते, दर दिवाळीला हातात येती, आन फेकायला गेलं की ती माय आन रडकी लेक आठवून राह्यती. मंग पुन्हा आत."

नातीला काही माहीत नव्हतं, म्हणून काकूंनी तिला सगळी गोष्ट सांगितली. एस.टी.च्या अर्ध्या तिकिटासकट. नात ऐकत होती, आणि मग म्हणाली, "म्हंजे आज्जी, नाताळाची चांदणी आता माझ्या काखेत?" तिची आईसुद्धा हसली. ती हसली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

मी परत आले. खाला नमाजला बसल्या होत्या, तेवढ्या वेळात मी ती चंद्रकोर कापली. डागाचा भाग सोडून. जोड इतका बसला की मलाही शोधावा लागला. उरलेला तुकडा आणि सगळ्या चिंध्या पुरचुंडीत बांधल्या, टाचणी लावली आणि ब्लाऊजबरोबर पाठवून दिल्या. त्यावर काकूंचा निरोप आला, "आता अजून तीस वर्षं सांभाळू का?"

लग्नात मी बायकांच्या घोळक्यात मागे उभी होते. हार घालताना नवरीने दोन्ही हात वर केले. नवऱ्याच्या मित्रांनी त्याला उचलून धरलं होतं, म्हणून तिला हात चांगलेच उंच करावे लागले. आणि तशा गडबडीत तिने मान वळवून मला शोधलं, उजव्या काखेकडे डोळ्यांनी खूण केली आणि हसली. नवऱ्याला वाटलं त्यालाच हसली. सगळ्या मंडपात ती जागा कुठे आहे हे आम्हा चार-पाच बायकांनाच माहीत होतं. आणि तुला.

घरी येताना काकूंनी मला मोसंबी दिली. मी एस.टी.त सोलली. शेजारी कुणाची तरी लहान मुलगी बसली होती, तिला फोडी दिल्या. मग तू आठवलीस म्हणून एक मुद्दाम स्वतः खाल्ली. गोड होती.

हे पत्र तुझ्या शिलाईयंत्राच्या खणात ठेवणार आहे, टाचण्यांच्या डबीखाली. आणि एक सांगायचं राहिलं. पुरचुंडी बांधताना खळीचा डाग असलेला नखाएवढा कोपरा मी ठेवून घेतला. तो इथेच, या कागदाला टाचला आहे. काकूंना विचारलं नाही. सोमवारी वाटूरला जाईन आणि सांगेन.