काठगोदाम ते बैजनाथ, मार्गे बेसमेंट

१ जानेवारी १९८८, शुक्रवार. सकाळी ६. ट्रॉय, मिशिगन.
नवीन वर्ष, नवीन वही. ठरवलं ते लिहायचं, लिहिलं ते करायचं. एकतीस वर्षं शाळेत मुलींना हेच सांगितलं.

साताऱ्याचं घर बंद करून श्रीरंगकडे आले त्याला आठ महिने झाले. निरोप समारंभात सगळ्या शाळेसमोर म्हणाले होते, आता मुलाकडे कायमची. शब्द दिला तो दिला. इथे मी सुखात आहे. फक्त फुटपाथ नाहीत, आणि मला गाडी येत नाही. परवा कोपऱ्यापर्यंत चालत गेले तर दोन गाड्या थांबल्या. दोन्हींतल्या बायकांनी विचारलं, काही मदत हवी का.

म्हणून टूर ठरवली आहे. लायब्ररीच्या फलकावर कागद होता. हिमालयाच्या पायथ्याशी, कुमाऊँच्या डोंगरांत, माउंटन बाइकवर अकरा दिवस. हजार वर्षांपूर्वीची देवळं. निघायचं ९ एप्रिलला. कॅरल नावाची इथलीच निवृत्त व्यायामशिक्षिका नेते. तिने विचारलं, सायकल येते का. म्हटलं, चार वर्षं सायकलवरून कॉलेजला गेले. ती खूष झाली. फॉर्म भरला.

टूर दिल्लीला संपते. दिल्लीहून सातारा काही फार लांब नाही. जाऊन घराची धूळ झटकेन म्हणते. महिना, दोन महिने. धूळ झटकल्याने शब्द मोडत नाही.

३ जानेवारी, रविवार
घरात सांगितलं. श्रीरंग म्हणाला, आई, तू अठ्ठावन्न वर्षांची आहेस. म्हटलं, मला वजाबाकी येते.

मग म्हणाला, ग्रुपबरोबर जात असशील तर जा. पण टूर फिसकटली तर इंडिया पुढच्या वर्षी. मला सुट्टी नाही, आणि दोन विमानं बदलत तुला एकटीला मी पाठवणार नाही. म्हटलं, फिसकटण्याचा प्रश्नच कुठे येतो.

सून, विनीता, भांडी पुसत होती. तिने विचारलं, अल्मोड्याला एप्रिलमध्ये थंडी असते का हो आई? हिला कशाला चौकशी? सहा वर्षांत माहेरी नागपूरलासुद्धा गेलेली नाही. मी तिला समजावलं, सवय होते.

५ जानेवारी
बाहेर दीड फूट बर्फ. सराव बेसमेंटमध्ये. श्रीरंगने पोट कमी करायला घेतलेली, एका जागी उभी असणारी सायकल तिथे आहे. तिच्यावर शर्ट वाळत होते. ते काढले. भिंतीवर कुमाऊँचा नकाशा स्वतः काढून लावला, प्रमाणासह. यंत्रावर मैल दिसतात, तेवढे रोज नकाशावर पुढे सरकायचं. काठगोदाम ते भीमताल तेरा मैल. उद्या संध्याकाळपर्यंत पोहोचेन.

९ जानेवारी
भीमताल अद्याप दोन मैल. वाटेत वॉशिंग मशीन लागतं, दर वेळी थांबून कपडे ड्रायरमध्ये टाकावे लागतात.

१६ जानेवारी, शनिवार
इथल्या मराठी मंडळाची संक्रांत. अध्यक्ष त्र्यंबकरावांना टूरचं कुठून तरी कळलं. (मीच फोनवर सांगितलं होतं, पण जाहीर करा म्हटलं नव्हतं.) त्यांनी स्टेजवर बोलावून माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ. सत्कार आल्यावर करतात, असं मी म्हणाले. त्यावर ते म्हणाले, मालिनीताई, एप्रिलमध्ये हॉल मिळत नाही, आणि तुमच्याबाबतीत आधी काय आणि नंतर काय, सारखंच! टाळ्या. मी पंचवीस मिनिटं बोलले. मनोनिग्रह हा विषय होता.

मागच्या रांगेत रेखा देवस्थळी मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, आधी जाऊन तर येऊ दे बाई. अशी माणसं असतात.

नारळाची विनीताने चटणी केली. मीठ कमी.

२४ जानेवारी
शाळेतून आल्यावर सुलेखा, नात, वय नऊ, बेसमेंटमध्ये डोकावते आणि विचारते, आजी, आर वी देअर येट? तिला सांगितलं, मराठीत विचार. तिने मराठीत विचारलंच नाही.

२ फेब्रुवारी
गंभीर प्रकार. दुपारच्या झोपेनंतर खाली गेले तर यंत्रावर नऊ मैल जास्त. सुलेखाने कबूल केलं, मैत्रिणीला घेऊन शर्यत लावली होती. माझ्या गैरहजेरीत मला मुक्तेश्वरपर्यंत नेऊन सोडलं! तिला शिस्तीवर दहा मिनिटं बोलले.

मैल परत करता येत नाहीत. मुक्तेश्वरचं देऊळ सुरेख असावं.

११ फेब्रुवारी
पुन्हा सहा मैल जास्त. सुलेखा म्हणते, इट वॉजन्ट मी. ती तर शाळेत होती. विनीता म्हणाली, यंत्र जुनं आहे आई, होतं असं. हल्ली दुपारी तिचा चेहरा लाल दिसतो. हीटर फार वाढवते ही.

अल्मोडा चार मैलांवर.

१९ फेब्रुवारी
साताऱ्याहून संध्याचं पत्र. ही माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. टूरबद्दल मी तिला सविस्तर कळवलं होतं. ती लिहिते: मालू, तुझ्या धाडसाचं कौतुक, पण तू सायकल शिकलीस कधी? चार वर्षं पेडल मी मारलं, तू मागे कॅरिअरवर बसून अगं डावीकडे, अगं उजवीकडे करत होतीस. आणि चढाला उतरतही नव्हतीस.

पत्र दोनदा वाचलं. संध्याची स्मरणशक्ती आधीपासून तपशिलात अडकते. कॅरिअरवरही तोल सांभाळावा लागतो, आणि पुढची दिसत नसताना सांभाळावा लागतो, ते जास्त अवघड. दिशा मी दाखवत होते. पाय तेवढे तिचे.

२० फेब्रुवारी
कॅरलचं पत्र. २७ मार्चला सगळ्यांनी एकत्र, खऱ्या सायकलवर, उघड्यावर वीस मैल करायचे. त्याशिवाय ती कोणाला नेणार नाही. औपचारिकता.

६ मार्च, रविवार
शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये पहिला सराव. कॅरलने सायकल दिली आहे. अठरा गिअर. मी श्रीरंगची स्वेटपँट घातली, वर कार्डिगन.

सायकल सदोष आहे. बसलं की डावीकडे जाते. विनीताने मागून सीट धरली. म्हटलं, सोडू नकोस. म्हणाली, नाही सोडत. म्हटलं, सोड. सोडली तर सायकल पडली. मी पाय टेकून उभी होते, म्हणजे मी पडले असं म्हणता येणार नाही.

सायकलमध्ये दोष आहे की नाही ते बघायला विनीताला बसवलं. तिने सगळ्या पार्किंगला तीन चकरा मारल्या, एक हात सोडून. नागपूरला कॉलेजला रोज सहा मैल जायची म्हणे. म्हटलं, कधी बोलली नाहीस. म्हणाली, तुम्ही विचारलं नाहीत. न विचारता सांगायला काय झालं?

१३ मार्च
अकरा फूट, आधाराशिवाय. सुलेखाने टेपने मोजले. शेरा: प्रगती समाधानकारक. या वेगाने २७ तारखेपर्यंत वीस मैल होतात का, याचं गणित मांडलं नाही. प्रगती अशी सरळ रेषेत होत नसते.

२० मार्च
आज थेट कुंपणापर्यंत गेले. वळायचं कसं, हे अजून झालेलं नाही. पण नकाशात बराच रस्ता सरळ आहे.

सायकल गाडीच्या डिकीत मावत नाही, म्हणून ती चालवत घरी आणायचं काम विनीताकडे. दहा मिनिटांचा रस्ता, तिला दीड तास लागला. विचारलं तर म्हणाली, चुकले. सरळ रस्त्यावर काय चुकायचं? केस विस्कटलेले, आणि स्वयंपाक करताना गुणगुणत होती. श्रीरंगने टीव्हीचा आवाज कमी करून तिच्याकडे पाहिलं.

२७ मार्च, रविवार. सकाळी ५
आज चाचणी. झोप उत्तम झाली, चार वेळा. बेसमेंटमध्ये काल बैजनाथला पोहोचले, म्हणजे टूर तशी एकदा पूर्ण झालेलीच आहे. आज फक्त सही.

तोच दिवस, दुपारी ३
तळ्याकाठची पायवाट. एकूण सात जण, शिवाय आम्ही दोघी. थंडी. कॅरलने शिट्टी वाजवली.

मी चाळीस यार्ड गेले. पुढे वळण होतं. मी वळले नाही. तळ्याच्या अलीकडे चिखल आहे, त्यामुळे काही लागलं नाही.

कॅरल धावत आली. मी सांगितलं, माझी काळजी नको, इतरांचा खोळंबा होईल, मी इथूनच निरीक्षण करते. पण सायकली न्यायची कॅरलची व्हॅन पलीकडच्या टोकाला उभी, सायकल तिथे पोचवणार कोण? विनीता म्हणाली, मी नेते. बाकावर अडीच तास बसले. विनीता पूर्ण वीस मैलांचा फेरा मारून आली तेव्हा सगळ्यांच्या पुढे होती. चिखल माझ्यापेक्षा जास्त आणि हसतेय. कॅरलने तिच्या पाठीवर थाप मारली.

मग कॅरल माझ्याजवळ बाकावर बसली. म्हणाली, मालिनी, सामानाची जीप सगळा वेळ बरोबर असते, तू जीपमध्ये ये. देवळं तीच, डोंगर तेच. मला भाषेलाही मदत होईल.

मी नाही म्हटलं. शाल मी सायकलवर घेतली आहे, जीपवर नाही. उद्या रेखा देवस्थळी काय म्हणेल? कॅरलला सत्काराचा अर्थ समजावण्याचा प्रयत्न केला. तिने दोनदा विचारलं, म्हणजे त्यांनी तुला आधीच शाल दिली? का?

२८ मार्च
जीपचा विचार पुन्हा केला. नाही.

श्रीरंग म्हणाला, जाऊ दे आई, पुढच्या वर्षी. खांद्यावर हात ठेवला. हात काढायला सांगितलं.

२९ मार्च, मंगळवार
जेवताना विनीताने विचारलं, मी जाऊ का?

श्रीरंगला वाटलं दुकानात. ती म्हणाली, टूरला. कॅरल म्हणाली जागा रिकामी आहे. आणि दिल्लीहून चार दिवस नागपूरला, आईकडे. श्रीरंग म्हणाला, अगं पण सुलेखाचं कोण बघणार, आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. सुलेखानेही पाहिलं. विनीता मात्र ताटाकडे बघत होती. आठ महिने नव्हे, आता अकरा झाले. एवढ्या दिवसांत तिने माझ्याकडे काही मागितलेलं आठवत नाही. मीठसुद्धा.

म्हटलं, जा. आणि वळणावर ब्रेक आधी लाव.

नंतर खोलीत येऊन नकाशा गुंडाळला. तिला देऊन टाकला. प्रमाण नीट समजावून सांगितलं. तिने पायाला हात लावला, तर म्हटलं, पुरे.

माझ्याच शिफारशीवरून ती जात आहे, अशी इथे नोंद असावी.

८ एप्रिल, शुक्रवार
त्र्यंबकरावांचा फोन. शुभास्ते पंथानः, मालिनीताई! मंडळाला अभिमान आहे! सांगणार होते. पण ते श्वास घेत नाहीत. शेवटी धन्यवाद म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आता मंडळाच्या हिशेबाने मी उद्यापासून हिमालयात आहे.

९ एप्रिल
विमानतळ. विनीताच्या पाठीवर सॅक, पायांत बूट. गर्दीत लवकर दिसेनाशी झाली.

पुढचे पंधरा दिवस फोन मी उचलायचा नाही. समोरचे पडदे बंद.

१३ एप्रिल
श्रीरंगबरोबर भाजीला गेले. दुकानातून रेखा देवस्थळी बाहेर आली. मी गाडीत सीटखाली बुटाची नाडी बांधत होते. वीस मिनिटं लागली. श्रीरंग बाहेर तिच्याशी बोलत होता. परत आल्यावर म्हणाला, आई, तू जागेश्वरला आहेस आणि तब्येत छान आहे. खोटं बोलायची सवय याला कुठून लागली?

पंधरा मिनिटांचं बाहेर जाणं होतं, तेही आता नाही. काही नाही, वाचन होईल.

१६ एप्रिल, शनिवार. सकाळी ९
विनीताचा ट्रंक कॉल, बागेश्वरहून. श्रीरंग आंघोळीला, म्हणून मीच घेतला. आवाज खरखरत होता. ती ओरडून सांगत होती, आई, बर्फाची शिखरं दिसतात, सगळी रांग! तुम्ही नकाशात काढलीत तशी! पायांना गोळे आलेत! सकाळी देवळात घंटा वाजवली तुमच्या नावाने! मी विचारलं, जेवलीस का. ती म्हणाली, आई, तुम्ही यायला हवं होतं हो, जीपमधून तरी. मग म्हणाली, आई? रडताय का?

मी रडत नव्हते. म्हटलं, विनीता, ऐक, मला घरी जायचं आहे. माझ्या घरी. देवळांचं काही नाही. कोणाला सांगू नकोस, पण श्रीरंगला तू समजाव, माझ्याने सांगवत नाही.

पलीकडून काही आवाज नाही. खरखरही नाही. तीन मिनिटं संपली असावीत, लाइन केव्हा तुटली कळलं नाही.

मग फोनमध्ये कोणी तरी श्वास घेतला. सुलेखा. स्वयंपाकघरातल्या फोनवर. हळूच म्हणाली, बट आजी, यू आर होम.

दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नये, असं तिला बजावलं. मग दोघींसाठी भात लावला.