चौकोनी मोजे

ताईंना,

वाकून नमस्कार. (गुडघा वाकू देतो तेवढाच, उरलेला मनातून केला आहे असं समजावं.) तुमची तब्येत कशी आहे? डोळ्यांत घालायचे थेंब वेळेवर घालता ना, आणि ते डोळ्यांतच पडतात ना? मागे निम्मे कानाकडे वाहून जायचे म्हणून विचारलं. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. पत्र लांबणार आहे, तेव्हा गॅसवर काही ठेवलं असेल तर आधी बंद करून या.

तर ताई, मी धंदा काढला आहे. खुर्च्यांच्या पायांत घालायचे मोजे. आता पोटभर हसून घ्या, मी थांबते. तुमच्या बंधूंना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. जणू दोष काचेत होता आणि आता मी शहाणी दिसायला लागेन.

पण हे असं एकदम झालं नाही. आपला स्वेटरचा कारखाना बंद पडला, तुम्ही लेकीकडे राहायला गेलात आणि मी घरी बसले. एकतीस वर्षं मी बाह्या विणल्या आणि तुम्ही पलीकडच्या खोलीत गळे. अख्खा स्वेटर काही माझ्या हातून एकदाही झाला नाही. अजून रस्त्यात कुणी चांगला स्वेटर घालून चाललेला दिसला की माझी नजर खांद्यापासून मनगटापर्यंत जाते आणि परत येते, मधला माणूस मला दिसतच नाही. घरी हाताला चैन पडेना. उरलेल्या लोकरीतून मी किटलीच्या दांडीला बाही घातली, छत्रीच्या मुठीला घातली, नळालाही घातली. (नळाची ओली झाली, काढली.) तुमचे बंधू एका जागी फार वेळ बसायला घाबरू लागले.

त्यातच वरच्या मजल्यावर गणिताचे मास्तर राहायला आले. शिकवण्या घेतात. दर तासाला बारा मुलं उठणार, बारा मुलं बसणार, आणि बारा खुर्च्या आमच्या डोक्यावर खर्रर्र करून सरकणार. तुमचे बंधू जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे नुसते चिडून थोडेच बसतील? त्यांनी नोंदवही सुरू केली. कितव्या मिनिटाला, किती सेकंद, कोणत्या दिशेने. वही भरत आली तसा त्यांचा रक्तदाबही चढत गेला, तेव्हा मीच उठले आणि भांडायला वर गेले. दोन जिने चढून गेल्यावर भांडायला लागतो तेवढा श्वास शिल्लक नव्हता, म्हणून आधी खुर्ची ओढून बसले. ती एवढी किंचाळली की मीच शरमले. मास्तर बिचारे म्हणाले, "काय करू बाई, मुलांना दटावता येतं, खुर्च्यांना कसं दटावू?" मी खाली पाहिलं. लाकडी, सरळ, चौकोनी पाय. ताई, खोटं नाही सांगत, मला तिथे चार छोटी मनगटं दिसली. भांडायचं राहूनच गेलं. मी तुमच्या बंधूंना हाक मारून टेप मागवला.

आठवड्याभरात अठ्ठेचाळीस मोजे झाले. विणायला काहीच नाही, मोजा म्हणजे आखूड बाहीच. फक्त बाही दोन्हीकडून उघडी असते आणि मोजा एकीकडून मिटावा लागतो, ते टोक मी सुईदोऱ्याने कसंबसं आवळलं. घरात अशी शांतता पसरली की तुमच्या बंधूंना स्वतःच्या श्वासाचा आवाज ऐकू येऊन काळजी वाटू लागली. मग तिसऱ्या दिवशी वर एकच मोठा आवाज झाला. गुळगुळीत फरशी आणि खाली लोकर! मास्तर फळ्यावर उत्तर लिहून मोठ्या ऐटीत मागे बसले, ते खुर्चीसकट भिंतीपर्यंत गेले. लागलं नाही, पण मुलांना त्या दिवशी घर्षणाचा धडा न शिकवताच समजला. मी मोज्यांना खालून सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे लावले. आता खुर्ची जागची हलेचना, आणि मास्तर उठायला गेले तर उलटे पडायला आले. तुमचे बंधू म्हणाले, "आता पुरे. त्या माणसाने तुझं काय वाकडं केलंय?" मी म्हटलं, पुरे कसं? एकदा फार सरकली, एकदा मुळीच नाही, म्हणजे उत्तर मधे कुठेतरी आहे. ते चपला शिवणाऱ्या काकांकडे सापडलं. बुटाच्या आत घालतात त्या जाड नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, कपट्यांचा त्यांच्याकडे ढीग पडलेला. तो तळ लावला आणि खुर्ची कशी शहाण्यासारखी, आवाज न करता, सांगितलं तेवढीच सरकू लागली. मास्तर महिनाभर पडले नाहीत तेव्हा मी ठरवलं, आता हे विकायचं.

फर्निचरवाले म्हणाले, "जी वस्तू चालत नाही तिला मोजे कोण घेणार?" मी वाद घातला नाही. त्यांच्या दुकानातली एक खुर्ची घेतली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेली. मग परत आणली. चौथ्या फेरीला त्यांनी कानांवर हात ठेवले, तेव्हा मी तिला मोजे घातले आणि पाचवी फेरी मारली. बारा जोड ठेवून घेतले त्यांनी! दोन दिवसांत सगळे खपले, मी हवेत. तिसऱ्या दिवशी एक बाई मोजे हातात घेऊन भांडायला आल्या, की बाळाच्या पायात हे बसत नाहीत, कोपरे मोकळे राहतात. फर्निचरवाल्यांनी ते पाळण्यांच्या शेजारी मांडून ठेवले होते. मी त्या बाईंच्या घरी जाऊन त्यांच्या जेवणाच्या खुर्च्यांना मोजे घालून आले आणि बाळाला गोल मोजे विणून दिले. आता त्या येणाऱ्याजाणाऱ्याला खुर्ची उलटी करून दाखवतात.

मग वाचनालय. तिथल्या ग्रंथपाल बाई इतक्या हळू बोलतात की त्यांचं 'हो' आहे की 'नाही' हे ओठांवरून ओळखावं लागतं. वाचनकक्षातल्या साठ खुर्च्यांना आठवडाभर घालून पाहा, एवढं त्यांनी मान्य केलं. तुमचे बंधू (जे आता प्रत्येक मोजा दोन्ही बाजूंनी मोजतात आणि अर्धा मिलिमीटर कमी भरला तर तो माझ्यासमोर उसवतात) आणि मी गुडघे टेकून साठ खुर्च्यांखाली फिरलो. चार दिवस बाई खूश. पाचव्या दिवशी बोलावणं आलं, आणि ताई, बाई चक्क ओरडत होत्या! झालं असं, की संध्याकाळी शेवटची खुर्ची सरकल्याचा आवाज आला की दार लावायचं, अशी त्यांची वीस वर्षांची सवय. आता आवाज येत नाही. बाईंना वाटलं सगळे गेले, त्यांनी कुलूप लावलं, आणि आत कपाटामागे निवृत्त पोस्टमास्तर तासभर अडकले. "सगळे काढून न्या. आत्ताच्या आत्ता!" पण परत जायचं तर काय सांगत जायचं? मी म्हटलं, "बाई, पोस्टमास्तरांना विचारलंत का?" ते तिथेच बसले होते. ते म्हणाले की आयुष्यात पहिल्यांदा पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचून झाला, पुन्हा कधी कोंडणार आहात? मग "कपाटाला वळसा घालून, कुणी राहिलं का हे पाहूनच दार लावायचं" अशी एक ओळ मी पुठ्ठ्यावर लिहून कुलपाशेजारी टांगली. बाईंनी ती तीनदा वाचली आणि पूर्वीच्याच हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या. मला ऐकू आलं नाही. तुमच्या बंधूंना आलं. "सहाही शाखांना हवेत म्हणतायत," ते म्हणाले, आणि आधाराला त्यांनीच खुर्ची धरली.

असं सगळं उत्तम चाललं आहे. कशाचीही कमी नाही. लेकीला आशीर्वाद.

तुमची धाकटी भावजय

ता. क. कमी नाही असं वर लिहिलं ते तुमच्या बंधूंच्या देखत लिहिलं. सहा शाखांचे मिळून दोन हजार मोजे दोन महिन्यांत द्यायचे आहेत. माझे दिवसाला वीस होतात, कारण प्रत्येकाचं टोक सुईने आवळत बसावं लागतं, आणि तरी पंधरा दिवसांत ते सुटतं. टोक टाक्यातच गोल मिटवणं मला येत नाही. गळे विणणाऱ्या बाईलाच ते येतं. आपल्या कारखान्यात ते एकीलाच नीट यायचं.

ता. क. दोन. निरोप समारंभात मी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "गळा म्हणजे काय हो, भोकच ते." तुम्ही तेव्हापासून बोलत नाही. मी चुकले, ताई. गळा नसता तर माझ्या सगळ्या बाह्या कुणाच्या अंगावर गेल्या असत्या?

ता. क. तीन. राग गेला नसेल तर तुम्ही येऊ नका, तुमचं विणायचं यंत्र तेवढं पाठवा. रविवारी सकाळी सामानाची गाडी तुमच्या दारात येईल. यंत्र मागे बसेल. ड्रायव्हरशेजारच्या जागेवर काही ठेवू नको म्हणून त्याला मी सांगून ठेवलं आहे.