तीन शाली आणि एक फोन

मी, दादाराव उकंडराव गजभिये, वय एकाहत्तर, निवृत्त विद्युत अभियंता, राहणार चोआ चू कांग, सिंगापूर, हे पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. साखर वाढलेली आहे, पण डोकं जागेवर आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबावाला मी जन्मात जुमानलं नाही, दिवंगत पत्नी लता हिचा अपवाद वगळता. याआधीची तिन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. ती रागाच्या भरात लिहिली होती.

१. राहता फ्लॅट मुलगा उज्ज्वल यास. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, टॅम्पिनीसला राहतो आणि एमआरटी मेट्रोनं फार वेळ लागतो म्हणून वर्षातून चारदा येतो. आता स्वतःच्या फ्लॅटवर यायला किती वेळ लागतो ते बघू.

२. पुस्तकांचं कपाट, मल्टिमीटर आणि हत्यारांची पेटी नात रुपाली हिला. उज्ज्वलला साधा प्लग बसवता येत नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

३. कॅरम बोर्ड. शेजारी प्रबोध जांभुळकर यांचा त्यावर सात वर्षं डोळा आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असं वकील म्हणाले. म्हणून प्रबोधला मी आग्रहानं साक्षीदार केलं आहे. बोर्ड रुपालीला.

४. आता मुख्य गोष्ट, माझा मोबाइल. त्याच्या नंबरासह.

नऊ वर्षांपूर्वी आमच्या ब्लॉकखाली एक बाई सूटकेसवर बसलेली दिसली. अबेना ओवुसू, घानाची, जहाज कंपनीत नोकरीला. फोनवर ठरलेली खोली मालकानं तिचा चेहरा पाहून नाकारली होती. म्हणाला, भाचा राहायला येतोय. मला हसूच फुटलं. चौऱ्याऐंशी साली पुण्यात माझं आडनाव ऐकून ज्या सहा मालकांनी मला परत पाठवलं, त्यांचेही भाचेच येत होते!

मी त्या मालकाला फोन लावला आणि साहेबी इंग्रजीत अर्धा तास झापलं. खोली मिळाली. लता म्हणाली, "एकीचं झालं, बाकीच्यांचं काय?" मग नंबर पसरला. घाना, केनिया, नायजेरिया, कुठलाही माणूस सिंगापुरात उतरला की आधी दादाराव अंकलना फोन. दर रविवारी आमच्या हॉलमध्ये सगळे जमू लागले. कोणी नोकरीचा अर्ज तपासून देई, कोणी पोरांचं गणित घेई, अबेना एकीकडे पोरींच्या वेण्या घालता घालता सगळ्यांना कामाला लावी.

आपण मराठी माणसं. चार डोकी जमली की मंडळ काढल्याशिवाय चैन पडत नाही. मी घटना लिहिली, चौदा नियम केले आणि अध्यक्ष झालो. निवडणूक घ्यायची राहून गेली. अबेनाचा मात्र मी तीनदा जाहीर सत्कार केला, शाल घालून. इथल्या उकाड्यात लोकरीची शाल! बिचारी घामानं निथळत हसायची.

गेल्या महिन्यात ती म्हणाली, "अंकल, खोली तुमच्या आवाजावर मिळते. माझ्या आवाजावर मिळायला हवी. तुम्ही गेल्यावर काय, तुमचा आवाज टेप करून ठेवायचा?"

मी भडकलो. केलेलं पाण्यात गेलं म्हणालो. दोन रविवार दार बंद ठेवलं. रुपाली तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, शी इज राइट, लाह." तिच्याशीही अबोला धरला.

अबोल्यात वेळ फार असतो. पुण्यातले एक भले गृहस्थ आठवले. म्हणाले होते, "गजभिये, हा आमच्यातलाच असं मी सांगतो, खोली मिळेल." मी हात जोडून नको म्हणालो होतो. मला खोली माझ्या नावावर हवी होती. आणि नऊ वर्षं मी इथे तेच गृहस्थ होऊन बसलो. तीनदा शाल घातली, फोन एकदाही दिला नाही. मला लाज वाटली.

म्हणून फोन, नंबर आणि अध्यक्षपद माझ्या मृत्यूनंतर अबेना ओवुसू हिला.

५. वरील कलम आज रुपालीनं अबेनाला बोलावून इंग्रजीत वाचून दाखवलं. अबेना म्हणाली, "मृत्यूनंतर का? आज काय झालंय?"

वकिलांना विचारायला हवं, असं मी म्हणतोय तोच फोन वाजला. सेरंगून भागातले एक घरमालक, मंडळातल्या एका नव्या मुलीसाठी त्यांच्याकडे खोली विचारली होती. माझा हात गेला, खोटं कशाला बोलू, गेलाच. पण तिनं आधी उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"मी अबेना, घानाची. खोली आमच्या मुलीला हवी आहे. अंकल? अंकल बसलेत. बोलायचं ते माझ्याशी."

मालक भाच्याचं सांगू लागले.

"छान. भाचा कोणत्या तारखेला येतोय? तोवर मुलगी राहील."

पलीकडून भाच्याचा विषय बंद झाला. मग म्हणाले, उद्या सहाला बघायला या.

सबब कलम चारमधील "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द खोडले आहेत. तिथे "आजपासून" वाचावं. फोन ठेवून अबेनानं पिशवीतून तीनपैकी एक शाल काढली आणि माझ्या खांद्यावर घातली. टाळ्या वाजवायला रुपाली आणि दोन साक्षीदार होते, तेवढे पुरे झाले.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

दादाराव उकंडराव गजभिये

साक्षीदार: १. प्रबोध जांभुळकर (कॅरमबद्दल निषेध नोंदवून)
२. विनीता रामटेके

ठिकाण: चोआ चू कांग, सिंगापूर
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ता. क. सही जराशी हलली आहे. शालीत उकडतंय, दुसरं काही नाही.