कच्चीची पक्की करताना

१२ ऑक्टोबर २००४, मंगळवार

फाइल गेली! म्हाळूआबांची सगळी गाणी. एकही उरलं नाही! येत्या सोमवारी पुण्यात त्यांच्या घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, आवाज कायमचा जाणार. महिनाभर पाटसहून एसटीनं दौंडला माझ्या टायपिंगच्या दुकानात यायचे, जलशातली गाणी म्हणायचे, सुरेखा टाइप करायची. आबांनी जन्मात एक ओळ कागदावर उतरवलेली नाही.

आज शेवटचं गाणं झालं. आबा म्हणाले, "झालं बग पोरी, कर आता पक्की." आमची रीतच ती — गिऱ्हाइकानं मान हलवली की 'कच्ची' फाइलचं नाव बदलून 'पक्की' करायचं. सुरेखानं केलं. तेवढ्यात लाइट गेली, आली. पाहतो तर ना कच्ची, ना पक्की!

सुरेखावर ओरडलो, गिऱ्हाइकांदेखत. "भाई, मी डिलीटला हात लावला न्हाई." पर्स उचलली, गेली.

१३ ऑक्टोबर

डोकं तापलेलंच. पण कानात एक गोष्ट पक्की आहे — आधी सुरेखाचं एंटर, मग यूपीएसची शिट्टी, पुढं कीबोर्ड वाजलाच नाही. मग पुसली कुणी?

इम्रानला फोन. भाचा माझा, पुण्यात इंजिनियर. दुकानातल्या मशीनवरून सर्व्हरवरच्या फाइली उघडायचा प्रोग्राम त्यानंच लिहिलाय. "मामू, असं होऊच शकत नाही!" होऊ शकत नाही म्हणे! झालंय ते काय मग?

१५ ऑक्टोबर

इम्रान आला. स्क्रीनला नाक लावून बसला. मग कानाची पाळी चोळायला लागला — तेव्हाच कळलं मला, चूक ह्याचीच.

प्रोग्राम सर्व्हरला म्हणाला, नाव बदल. सर्व्हरनं बदललं. पण मशीनी जोडणारा हब यूपीएसवर नव्हता, तो लाइटीबरोबर बंद पडला, "बदललं" हा निरोप पोचलाच नाही. प्रोग्रामनं पुन्हा तेच सांगितलं. सर्व्हर म्हणतो, कच्ची नावाचं इथं काही नाही. बरोबरच! ती पक्की झालेली! आणि आमच्या शहाण्या प्रोग्रामनं ठरवलं, काम फसलं, पक्कीचं अर्धवट काही राहिलं असेल, टाका पुसून!

"मामू, दुसऱ्यांदा विचारावंच लागतं."

"विचार की! माणूस घर बदलून गेला. जुन्या दाराची कडी वाजवलीस, कुणी उघडलं नाही, म्हणून नवं घर पाडतोस?"

इम्रान हळूच, "आधी नव्या नावानं आहे का बघायचं होतं. पुसायचं तर नव्हतंच."

परत मिळेल? नाही. मधे दुकान चालू होतं, त्या जागेवर लोकांच्या लग्नपत्रिका बसल्या! रोज फ्लॉपीवर नक्कल काढायचो, तीही ह्यानंच बंद करवलेली — "जमाना बदलला, मामू!"

१६ ऑक्टोबर

पहिला रोजा. रोज्यात रागावू नये.

रागावलो.

१७ ऑक्टोबर

सुरेखाच्या घरी गेलो. दारात तिची आई सारजाबाई. "बोलताना चारचौघांत बोलला, आन् माफी घरात येऊन मागता व्हय?"

खरंय. म्हटलं, उद्या दुकानात मागतो, सगळ्यांसमोर.

आतून सुरेखा, "आबांना सांगितलं का फाइलचं?"

नाही. कुठल्या तोंडानं सांगू?

"मी सांगितलंय."

१८ ऑक्टोबर, सोमवार

दुकानाच्या पायरीवर आबा! शेजारी सुरेखा, आणि आबांची बायको कुशाबाई, रडून लाल. "दवाखान्यात गेलंच न्हाईत, भाई. गाणी पुरी हुईस्तोवर गळा द्यायचा न्हाई म्हणत्यात. डाक्टर म्हणतो, रोज पसरतंय. तुम्ही तरी सांगा की!"

मी तोंड उघडलं. आबांनी हातानंच गप्प केलं, आणि पहिलं गाणं उचललं.