माझं चालेल का?

आई,

सून सासूला असं काही लिहीत नाही, म्हणून हे पत्र तुम्हाला देणारही नाही. तुम्ही तपासण्यांसाठी रुग्णालयात आहात आणि मी परवापासून सुन्न आहे.

परवा दवाखान्यात डॉक्टरबाई समजावत होत्या, "रुजताना गर्भ एन्झाइम सोडतो आणि गर्भाशयाच्या अस्तरात वाट करतो. अस्तरातली एन्झाइमही नेमकी तेव्हाच तयार असावी लागतात. हिच्या अस्तरात ती नसतात, म्हणून गर्भ टिकत नाही." तुमचा मुलगा छताकडे बघत होता. मी रडायच्या बेतात होते. तेवढ्यात तुम्ही चष्मा पुसत विचारलंत, "मग माझं अस्तर चालेल का?"

डॉक्टरबाईंनी तुमचं वय विचारलं.

"बावन्न. गुडघे सोडले तर बाकी सगळं शाबूत आहे."

"औषधांनी तुमचं अस्तर तयार करून गर्भ तुमच्या पोटात वाढवता येईल, पण या वयात जिवाला धोका आहे," त्या म्हणाल्या. तुमचा मुलगा उठून बाहेर गेला. इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्ही माझ्यावर नजर ठेवायला दवाखान्यात येता.

घरी येताना मी कसंबसं म्हटलं, "आई, नको."

"तुला सुया टोचताना बघत बसण्यापेक्षा बरं," तुम्ही म्हणालात.

आज डॉक्टरबाई निर्णय सांगतील. त्यांनी नाही म्हणावं म्हणून सकाळपासून देवाला विनवतेय, आणि हो म्हणावं म्हणूनही. यातलं खरं कोणतं, ते मला विचारू नका.

अजून भानावर न आलेली,
तुमची सून